बियाण्याच्या पिशवीवरील सांकेतिक खूण व तिची पारख

बियाणे ही अशी वस्तू आहे की तिचा खरेखोटेपणा विकत घेताना डोळ्यांना दिसत नाही. बैल घ्यावयाचा तर त्याचे दात पाहता येतात, चार पावले चालवून त्याची चाल पाहता येते. नांगराचा फाळ हातात घेऊन वाजवून पाहता येतो. परंतु संकरित कपाशीचे बी आणि जिनातील साध्या सरकीला रंग चढवून तयार केलेले बी, ही दोन्ही पिशवीत सारखीच दिसतात. फरक कळतो तो उगवण झाल्यावर, व पुष्कळदा पाते-बोंडे धरण्याच्या वेळी. तोपर्यंत मृगाचा पाऊस निघून गेलेला असतो, पीककर्जाची रक्कम जमिनीत गेलेली असते आणि दुबार पेरणीस हंगाम उरलेला नसतो. बनावट बियाण्याने होणारे नुकसान पिशवीच्या किमतीने मोजणे चुकीचे आहे. ते सबंध वर्षाचे नुकसान होय.

ही फसवणूक तीन वाटांनी होते. नामांकित कंपनीची पिशवी हुबेहूब छापून तीत बाजारचे धान्य भरणे ही पहिली वाट. खरी पण रिकामी झालेली पिशवी मिळवून ती पुन्हा भरणे व शिवणे ही दुसरी. मुदत संपलेल्या मालावरील तारीख किंवा लॉट क्रमांक बदलून तो नवा म्हणून विकणे ही तिसरी. सांकेतिक खुणेचा उपयोग या तिन्हींवर सारखा होत नाही. कोठे तो होतो व कोठे होत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम नीट समजून घ्यावे. अन्यथा तो शेतकऱ्याला खोटा भरवसा देऊन बसेल, आणि तसा भरवसा न दिलेलाच बरा.

बनावट मालाचा परिणाम किती खोल जातो याचे एक उदाहरण आफ्रिकेतील युगांडा देशाचे आहे. तेथील दुकानांतून खरेदी केलेल्या संकरित मक्याच्या बियाण्याची व खताची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. बियाण्यात खऱ्या संकरित बियाण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचा अंदाज निघाला व खतातील अन्नांश सुमारे ३० टक्के कमी आढळले. असा माल वापरून शेतकऱ्याचा खर्चही भरून निघणे कठीण होते. मग तो सुधारित बियाणे घेत नाही याला त्याचे अज्ञान किंवा आळस म्हणणे अन्यायाचे ठरते. तो आपल्या अनुभवाचा हिशेब बरोबर मांडीत होता.

जुन्या खुणा व त्यांची मर्यादा

आपल्याकडे १९६६ च्या बियाणे कायद्याने व १९६८ च्या नियमांनी पिशवीवर लेबल लावण्याची पद्धत घालून दिली. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळे, पायाभूत बियाण्यास पांढरे, प्रमाणित बियाण्यास निळे व सत्यतादर्शक बियाण्यास हिरवे लेबल, हे बहुतेक शेतकऱ्यांना पाठ आहे. ही पद्धत उपयुक्त आहे व ती कायम आहे. परंतु निळा कागद कोणत्याही छापखान्यात मिळतो. शिसाची मोहोर, चमकणारे चित्र, विशिष्ट शिलाई यांचेही तसेच. ज्या खुणा करण्यास केवळ यंत्र व कौशल्य लागते, त्या खुणा तेच यंत्र विकत घेऊन दुसऱ्यालाही करता येतात.

म्हणून अशी खूण पाहिजे की जी सर्वांना तपासता येईल, पण एकाच माणसाला करता येईल. ही मागणी प्रथमदर्शनी अशक्य वाटते. ती पुरी करण्याचे काम कूटलेखनशास्त्राने केले आहे. पूर्वी हे शास्त्र राजेरजवाड्यांचे व सैन्याचे गुप्त निरोप पाठविण्यापुरतेच होते. आता त्याचा उपयोग केवळ निरोप लपविण्यासाठी नसून निरोप कोणी पाठविला हे सिद्ध करण्यासाठीही होतो.

अंदाजाने न सापडणारा क्रमांक

सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पिशवीस निराळा क्रमांक देणे व त्या क्रमांकांची यादी कंपनीकडे किंवा शासनाकडे ठेवणे. शेतकऱ्याने क्रमांक कळवावा व यादीत तो आहे किंवा नाही याचे उत्तर मिळवावे. पण क्रमांक १, २, ३ असे ओळीने दिले तर या व्यवस्थेत काही अर्थ राहत नाही. एक खरी पिशवी हाती लागली की भेसळखोर पुढचे शंभर क्रमांक मनानेच लिहील. क्रमांक कोणत्याही नियमाने न बांधलेले, चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे असले पाहिजेत, व ते पुरेसे लांब असले पाहिजेत.

पुरेसे लांब म्हणजे किती, हे हिशेबाने काढता येते. बारा अंकी क्रमांक एकूण एक लाख कोटी होतात. त्यांपैकी दहा कोटी क्रमांक पिशव्यांवर खरोखर छापले, तर मनाने लिहिलेला क्रमांक खरा निघण्याचा संभव दहा हजारांत एक. म्हणजे भेसळखोराने एक हजार पिशव्यांवर मनाचे क्रमांक छापले, तर त्यांतील एकही खरा न निघण्याचीच शक्यता फार मोठी. अंक बाराऐवजी सोळा केले तर हाच संभव दहा कोटींत एक इतका खाली येतो. चार अंक वाढविण्यास शाईचा खर्च नगण्य, पण संरक्षण दहा हजार पट वाढते. युरोपीय संघात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या पाकिटांस असा स्वतंत्र क्रमांक देण्याची सक्ती ९ फेब्रुवारी २०१९ पासून झाली, व तेथील नियमातही क्रमांक अंदाजाने ओळखला जाण्याचा संभव दहा हजारांत एकापेक्षा कमीच असावा, अशी अट घातलेली आहे.

भारतातील सोन्याच्या दागिन्यांवर २०२१ पासून येऊ लागलेला व १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी आवश्यक झालेला सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक याच जातीचा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइलवरील ॲपमध्ये तो भरला की दागिना कोणत्या प्रकारचा व किती शुद्धतेचा म्हणून नोंदला आहे हे दिसते. गावातील भगिनींना ही गोष्ट चटकन समजते, म्हणून बियाण्याच्या क्रमांकाची माहिती देताना दागिन्याच्या उदाहरणापासून सुरुवात करावी.

अंकीय स्वाक्षरी

यादीच्या पद्धतीत एक अडचण आहे. यादी दूरच्या शहरात असते व तिच्यापर्यंत पोहोचण्यास मोबाइलला जाळे मिळावे लागते. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील गावी ते सदैव मिळेलच असे नाही. यादी न पाहताच खूण खरी किंवा खोटी ठरविता आली तर ही अडचण दूर होते. त्यासाठी अंकीय स्वाक्षरीचा उपयोग करतात. आधार पत्रावरील चौकोनी क्यूआर कोडात अशी स्वाक्षरी असते व ती इंटरनेट नसतानाही तपासता येते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागलेला अंकीय स्वाक्षरीचा सातबाराही याच तत्त्वावर उभा आहे.

हे तत्त्व कागद-पेन्सिलीने समजावून घेता येते. समजा, पिशवीचा लॉट क्रमांक ४७१२ आहे. प्रथम त्याचा सारांश काढावयाचा. येथे साधा नियम घेऊ, की अंकांची बेरीज करून एकम स्थानचा अंक ठेवावा. ४, ७, १ व २ यांची बेरीज १४. म्हणून सारांश ४. बियाणे तयार करणाऱ्या संस्थेजवळ एक गुप्त संख्या आहे, ती ७. जगास जाहीर केलेल्या संख्या दोन: ३ व ३३. संस्था आपल्या कोठडीत बसून ४ ही संख्या सात वेळा मांडून गुणाकार करते. उत्तर १६,३८४ येते. त्यास ३३ ने भागले असता बाकी १६ उरते. हीच स्वाक्षरी. पिशवीवर ४७१२ व त्याच्या शेजारी १६ छापले जाते.

आता शेतकऱ्याजवळ ७ ही गुप्त संख्या नाही, फक्त ३ व ३३ आहेत. तो १६ ही संख्या तीन वेळा मांडून गुणाकार करतो. ४,०९६ येतात. त्यास ३३ ने भागले की बाकी ४ उरते. इकडे ४७१२ चा सारांशही ४ च आहे. दोन्ही जुळले, म्हणून स्वाक्षरी खरी.

भेसळखोराने लॉट क्रमांक बदलून ४७२२ केला व १६ ही स्वाक्षरी तशीच ठेवली, तर काय होईल? नव्या क्रमांकाचा सारांश ५, पण १६ मधून निघते ते ४ च. लबाडी उघडी पडली. ५ साठी योग्य स्वाक्षरी १४ आहे. परंतु ती काढण्यास ७ ही गुप्त संख्या पाहिजे, व ती संस्थेच्या कोठडीबाहेर गेलेली नाही. मेणाच्या मोहोरेपेक्षा ही मोहोर येथे वरचढ आहे. मेणाचा ठसा एका कागदावरून काढून दुसऱ्यावर चिकटविता येतो. अंकीय ठसा मजकुराच्या प्रत्येक अक्षराशी बांधलेला असतो. मजकूर बदलला की ठसा त्याला बसत नाही.

हुशार विद्यार्थी येथे दोन शंका काढील, व त्या दोन्ही रास्त आहेत. ४७१२ ऐवजी ४७२१ केले तर बेरीज तीच येते व लबाडी पकडली जात नाही. म्हणून प्रत्यक्षात सारांशाचा नियम इतका साधा नसतो. एक अक्षर बदलले तरी सारांश पार बदलून जावा, व एकच सारांश असलेले दोन मजकूर कोणासही शोधून काढता येऊ नयेत, असा तो रचलेला असतो. दुसरी शंका अशी, की ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे शाळेतले मूलही सांगेल. त्या दोन्हींतून एक-एक वजा केला की २ व १० राहतात, त्यांचा गुणाकार २०. आणि ३ ला ज्या संख्येने गुणले असता २१ म्हणजे वीसाहून एक जास्त येतो, ती संख्या ७. अशा रीतीने गुप्त संख्या सापडली! खरोखरच सापडते. पण व्यवहारात ३३ च्या जागी सुमारे ६१७ अंकी संख्या घेतात. तिचे मूळचे दोन अवयव शोधण्यास कामास येईल असा संगणक अद्याप कोणाजवळ नाही. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तीन शास्त्रज्ञांनी १९७७ साली अमेरिकेत ही युक्ती शोधली. त्यानंतर आखूड स्वाक्षरीच्या अन्य पद्धतीही निघाल्या असून लहान लेबलावर त्या अधिक सोयीच्या पडतात. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली.

हे सर्व गुणाकार व भागाकार शेतकऱ्यास करावे लागत नाहीत हे सांगणे नको. मोबाइल ते क्षणात करतो. पण आत काय चालते हे ज्याने एकदा कागदावर करून पाहिले, तो हिरवी खूण दिसली की डोळे मिटून मान डोलावणार नाही.

छायाप्रतीचा प्रश्न

स्वाक्षरीची नक्कल करता येत नाही. परंतु स्वाक्षरी असलेल्या चिठ्ठीची छायाप्रत मात्र काढता येते. हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, व जाहिरातींत तो बहुधा गाळलेला असतो. भेसळखोराने खऱ्या पिशवीवरील क्यूआर कोडाचे मोबाइलने छायाचित्र घेतले व तेच पाचशे बनावट पिशव्यांवर छापले, तर त्यांतील प्रत्येक कोड गणिताने खराच ठरेल. क्रमांकही खरा, स्वाक्षरीही खरी, बी मात्र खोटे.

यावर उपाय एकच. कोणता क्रमांक किती वेळा व कोठे विचारला गेला याची नोंद ठेवणे. येथे थोडा हिशेब उद्बोधक आहे. पाचशे बनावट पिशव्यांवर एकच क्रमांक आहे व दहांपैकी एकच शेतकरी तपासणी करतो असे धरू. तरी पन्नास वेळा तोच क्रमांक विचारला जाईल. पहिल्याला ‘खरे’ असे उत्तर मिळेल, पण उरलेल्या एकोणपन्नासांना ‘हा क्रमांक पूर्वी तपासलेला आहे’ अशी सूचना मिळेल व चोरी उघडकीस येईल. शहाणा भेसळखोर म्हणून असे करीत नाही. तो दुकानाच्या मांडणीवरील पाचशे निरनिराळ्या पिशव्यांचे पाचशे कोड उचलतो. आता प्रत्येक क्रमांकाच्या दोनच पिशव्या बाजारात आहेत, एक खरी व एक खोटी. खरी घेणारा व खोटी घेणारा, दोघांनीही तपासणी केली तरच क्रमांक दोनदा विचारला जाईल. तसे होण्याचा संभव शंभरात एक; म्हणजे पाचशेंपैकी सुमारे पाचच जोड्या सापडतील.

याच गणिताची दुसरी बाजू गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या उपयोगाची आहे. तपासणी करणारे शेतकरी दहांत एकावरून दोघांत एकापर्यंत वाढले, तर सापडणाऱ्या जोड्या पाचावरून एकशेपंचवीस होतात. तपासणी पाचपट, पण पकड पंचवीसपट. एका गावातील शेतकऱ्याने केलेली तपासणी त्याच्या स्वतःच्या पिशवीपुरती राहत नाही. ती दुसऱ्या तालुक्यातील अनोळखी शेतकऱ्याच्याही कामास येते.

छायाचित्र घेणेच अशक्य करावे म्हणून क्रमांकावर खरवडण्याचा लेप लावतात. मोबाइलच्या रिचार्ज कार्डावर पूर्वी असे तसाच. लेप खरवडल्याशिवाय क्रमांक दिसत नाही, व खरवडलेली पिशवी कोणी विकत घेत नाही. त्यामुळे एक क्रमांक चोरण्यास एक खरी पिशवी वाया घालवावी लागते व चोरीचा धंदा परवडेनासा होतो. नायजेरियात औषध नियंत्रण संस्थेने २०१० साली औषधांसाठी ही पद्धत सुरू केली. घानामधील एका संस्थेने २००७ पासून याच दिशेने काम केले होते. केनियात बियाण्याच्या पाकिटांवर असे खरवडण्याचे लेबल असते. शेतकरी क्रमांक साध्या मोबाइलवरून संदेशाने पाठवितो व तेथील शासकीय वनस्पती आरोग्य सेवेच्या यादीवरून उत्तर येते. या पद्धतीस महागडा मोबाइल लागत नाही हा तिचा मोठा गुण आहे. आपल्याकडे क्यूआर कोडाचा बोलबाला झाल्यापासून साध्या मोबाइलधारकाचा विसर पडल्यासारखा दिसतो.

दुसरा मार्ग विक्रेत्याच्या नोंदीचा. दुकानदाराने पिशवी विकताच तिचा क्रमांक यादीतून बंद करावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्या दुकानात विकता येणार नाही. युरोपात औषध देताना औषधविक्रेता हेच करतो. या मार्गात शेतकऱ्याने तपासणी केली किंवा न केली तरी पकड कायम राहते. मात्र दुकानदार नोंद करण्यात कुचराई करील तर सर्व रचना ढिली पडते.

भारतात बियाण्याच्या मागाची नोंद ठेवण्यासाठी ‘साथी’ नावाची संगणकीय व्यवस्था केंद्रीय कृषी मंत्रालय व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी उभारली असून तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी १९ एप्रिल २०२३ रोजी तिचे उद्घाटन केले. बियाण्याचे उत्पादन, प्रमाणीकरण, परवाना, विक्रेता ते शेतकरी अशा सर्व टप्प्यांची साखळी तीत बांधावयाची व पिशवीवरील क्यूआर कोडावरून ती उलगडून पाहता यावी, अशी योजना आहे.

खोटा आरसा

क्यूआर कोड म्हणजे छापील अक्षरेच. फक्त ती माणसास वाचता येत नाहीत. काही कोडांत केवळ एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. भेसळखोर आपल्या पिशवीवर आपल्याच संकेतस्थळाचा पत्ता छापू शकतो, व तेथे मोठ्या अक्षरांत ‘आपले बियाणे अस्सल आहे’ असे लिहून ठेवू शकतो. चोरालाच साक्षीस बोलावल्यासारखे हे आहे. म्हणून पिशवीने दाखविलेल्या वाटेने जाऊ नये. शासनाचे किंवा कंपनीचे अधिकृत ॲप आधीच उतरवून ठेवावे, ते स्वतः उघडावे व त्यातूनच कोड वाचावा. स्वाक्षरीच्या पद्धतीतही जाहीर संख्या अधिकृत ठिकाणाहून आलेली असावी लागते. पिशवीवरच छापलेल्या जाहीर संख्येवर विसंबणे म्हणजे पुन्हा तीच चूक. आणि उत्तरात पीक, वाण, लॉट क्रमांक व मुदत येते, ती पिशवीवरील मजकुराशी अक्षरशः ताडून पाहावी. कोड सोयाबीनचा व पिशवी कपाशीची, हे ॲप सांगणार नाही; ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

खूण पिशवीची, बियाण्याची नव्हे

सांकेतिक खूण पिशवीच्या कागदावर असते, बियाण्याच्या अंगावर नसते. खरी पिशवी फोडून आतील माल बदलला तर खुणेस ते कळत नाही. म्हणून शिलाई व सील पाहण्याची जुनी सवय सोडू नये. बी आतून काय आहे हे पाहण्यास निराळ्या कसोट्या आहेत. बीटी कपाशीतील प्रथिन आहे किंवा नाही हे दाखविणाऱ्या पट्ट्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तयार केल्या. बी कुटून पाण्यात कालवावे व पट्टी बुडवावी, रेघ उमटली तर प्रथिन आहे. पट्टी लॉटची जात सांगत नाही व क्रमांक आतील प्रथिन सांगत नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

उगवणशक्तीचेही तसेच. २०१९ च्या ऑक्टोबरातील पावसात सोयाबीन भिजले व २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातून बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. भिजलेले, आपटलेले वा उन्हात साठविलेले बी अस्सल असूनही उगवत नाही. अशा वेळी कोड तपासून ‘खरे’ असे उत्तर आले तरी शेत मोकळेच राहील. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून घरी केलेली उगवण चाचणी ज्या प्रश्नाचे उत्तर देते, त्याचे उत्तर कोणतेही कूटशास्त्र देऊ शकत नाही.

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचे बियाणे भारतात लागवडीस मान्य झालेले नसून ते चोरून, बिलाशिवाय विकले जाते. त्यावर खूण तपासण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्या गुणदोषांबद्दल गावात मतभेद असतील. परंतु त्या पिशवीत दुसरेच बी निघाले तर तक्रार कोठे करणार, एवढा विचार घेणाऱ्याने करावा.

गावातील काम

पेरणीपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर एक संध्याकाळ या पाठासाठी ठेवावी. फळ्यावर ४७१२ चे उदाहरण शेतकऱ्यांच्या शाळकरी मुलांकडून सोडवून घ्यावे. मुले गुणाकार करतात व वडील लक्ष देऊन ऐकतात. त्यानंतर दोन-तीन खऱ्या पिशव्या तपासून दाखवाव्यात, व एकच पिशवी दोनदा तपासून दुसऱ्या वेळी उत्तरात फरक पडतो किंवा नाही हेही दाखवावे. ज्या ॲपमध्ये फरक पडत नाही, ते पूर्वीच्या तपासणीची सूचना देत नाही हे सर्वांसमक्ष सांगावे.

‘पूर्वी तपासलेला क्रमांक’ असे उत्तर आल्यास लगेच दुकानदारास चोर ठरवू नये. घरातील मुलाने किंवा दुकानदाराने स्वतःच आधी तपासले असण्याचा संभव असतो, किंवा खऱ्या पिशवीचा क्रमांक दुसऱ्या कोणी चोरलेला असतो व हाती असलेली पिशवीच अस्सल असते. पिशवी फोडू नये, बिल घेऊन दुकानात परत न्यावी व तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी कळवावे. उगाच संशय पसरविण्यातही नुकसान आहे. टांझानियातील मोरोगोरो भागात दुकानांतील खताचे पृथक्करण केले तेव्हा ते जवळजवळ सर्व चांगले निघाले, पण गोळे झालेले दिसते म्हणून शेतकरी ते बनावट मानून कमी वापरीत होते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

बियाणे पेरल्यावर पिशवी, लेबल, बिल व मूठभर बी निदान पीक हाती येईपर्यंत कोरड्या जागी जपून ठेवावे; तक्रारीच्या चौकशीत हाच पुरावा मागितला जातो. कोडाचे छायाचित्र गटावर किंवा नातलगांना पाठवू नये. हंगाम संपल्यावर रिकामी पिशवी भंगारवाल्यास देण्यापूर्वी कोडाच्या मधोमध कात्री चालवावी व खताच्या गोण्यांपासून ती वेगळी बांधावी.